भरलं!

मुरुमच्या बसस्टँडवर उतरून तुम्ही गुंडप्पा कलशेट्टींचं घर विचारलंत, तर पत्त्याआधी चौकशी होते. "भांडायला चाललाय का भांडण मिटवायला?" भांडायला म्हणालात तर माणसं सरळ रस्ता दाखवतात. मिटवायला म्हणालात तर आधी बसवून चहा पाजतात, कारण परत येताना चहा प्यायची तुमची मनःस्थिती राहणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

गुंडप्पा वीज खात्यात वायरमन होते. जन्मभर खांबावर चढलेला माणूस खालच्यांशी ओरडूनच बोलणार. निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ घेऊन गुंडप्पा कायमचे खाली उतरले, पण आवाज वरच राहिला. शेजारच्या द्वारकाबाईंना "मीठ हाय का?" असं नुसतं विचारलं तरी ती धमकी वाटायची, आणि द्वारकाबाई घाबरून मिठाबरोबर साखरही आणून द्यायच्या.

त्यांचं वैर कुणाकुणाशी होतं हे सांगण्यापेक्षा कुणाशी नव्हतं हे सांगणं सोपं. देवळाच्या कमिटीशी लाउडस्पीकरच्या वायरवरून, सख्ख्या भावाशी विहिरीवरच्या मोटारीवरून, गिरणीवाल्याशी त्याच्या उघड्या फ्यूजवरून. पण एक गोष्ट वैरीसुद्धा मान्य करत. गुंडप्पा चोरून काही करत नाहीत. "तुमच्या लिंबाची फांदी तारेला लागतीय, उद्या सकाळी तोडणार" असं आदल्या दिवशी सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोडायचे. कुणी तारेवर आकडा टाकला असेल तर "संध्याकाळी काढायला येतोय, घरी थांब, म्हंजे भांडाय बरं पडंल" असा निरोप धाडायचे. मुरुमनं त्यांना तापट म्हणून झालं होतं, हेकट म्हणून झालं होतं, पाठीमागं आणखी बरंच काही म्हणून झालं होतं. 'खोटारडा' हा एकच शब्द तेवढा कुणी लावला नव्हता. बाकी सगळे शब्द खर्ची पडल्यामुळं हा एक त्यांनी जिवापाड जपला होता.

आणि नेमका तोच शब्द घरातल्या सुनेनं लावला. तोही ओट्यावर, द्वारकाबाईंच्या देखत.

सून म्हणजे प्रतीक्षा. माहेर धाराशिवचं. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण ती मुरुममध्ये घरी बसून करायची. कंपनीच्या गिऱ्हाइकांना लॅपटॉपवरून कसलंसं सॉफ्टवेअर शिकवायची. हे काम गुंडप्पांना पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. त्यात तिनं एकदा सहज सांगितलं की लॅपटॉपला नेटची वायर लागत नाही, ते वायरलेस असतं. ज्या माणसानं उन्हातान्हात उभा जन्म वायरी ओढल्या त्याच्या तोंडावर हे सांगणं म्हणजे जरा अतिच झालं.

"वायर न्हाय तर येतंय कशातनं?" गुंडप्पांनी विचारलं.

"हवेतून, मामा."

"हवेतनं धूळ येती. माश्या येत्यात. काम येत न्हाय."

प्रतीक्षाही काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "तुम्ही रेडिओ ऐकता तो काय नळानं येतो का?" असं तिनं विचारलं, आणि घरात जे युद्ध सुरू झालं ते झालंच. तिचा नवरा सिद्धाराम उमरग्याला शाळेत शिक्षक. भांडणाच्या वेळी तो बहुधा एसटीत असायचा, आणि घरात असला तरी एसटीत असल्यासारखा खिडकीबाहेर बघत बसायचा. मध्ये सापडायच्या त्या बिचाऱ्या सासूबाई, अयोध्याबाई.

निवृत्तीनंतर गुंडप्पांना एकच उद्योग उरला होता. बटणं बंद करणं. माणूस खोलीतून उठायच्या बेतात दिसला की गुंडप्पा पंख्याच्या बटणापाशी उभे. अयोध्याबाई न्हाणीघरात डोक्याला साबण लावून बसलेल्या असताना बाहेरून आरोळी यायची, "लाइट बंद करतोय गंऽऽ! सूर्य हाय वर!" आणि आरोळीमागोमाग अंधार. हे विजेच्या बिलासाठी नव्हतं. करंट विनाकारण जळतोय ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. पण बंद करायचं ते सांगून, हा नियम. एकदा अक्कलकोटला निघताना त्यांनी फ्रिज बंद केला, तोही सांगून. घरातल्या कुणीच ते ऐकलं नाही, कारण गुंडप्पा सगळंच ओरडून सांगत असल्यामुळं त्यांचं सांगणं घराला पंख्याच्या घरघरीसारखं झालं होतं. परत आल्यावर दुधाचं काय झालं होतं ते अयोध्याबाई अजून नाकाला पदर लावून सांगतात.

त्यांच्या सगळ्या आरोळ्यांत एक आरोळी गल्लीत मशहूर होती. "भरलं!" नळाला पाणी आलं की मोटर लावून ते गच्चीच्या जिन्यात उभे राहायचे, आणि टाकी काठाला लागली की "भरलं!" म्हणून गर्जायचे. खालून अयोध्याबाई मोटर बंद करायच्या. पुढं मोबाइल आला, तोही त्यांनी टाकीच्याच हिशोबात धरला. मोबाइल चार्ज झाला की "भरलं!" आणि बटण बंद. मग प्रतीक्षाचा लॅपटॉप आला. त्याच्या कोपऱ्यात शंभराचा आकडा दिसतो हे त्यांनी हेरून ठेवलं. दिवसातून दोन-तीनदा ते तिच्या खोलीत डोकवायचे, चष्मा कपाळावरून खाली ओढून आकडा बघायचे, "भरलं!" अशी आरोळी ठोकायचे आणि चार्जरचं बटण बंद करून निघून जायचे. ती मीटिंगमध्ये असली तरी.

"मामा, ते भरलं की आपोआप थांबतं," प्रतीक्षानं सुरुवातीला सांगून बघितलं होतं.

"आपोआप थांबतंय म्हणणारांच्याच गच्च्या गळत्यात. टाकी भरल्यावर मोटर चालू ठिवली की पाणी उतू जातंय. करंट उतू गेला तर कुठं जाईल? ह्या टेबलात? तुझ्या हातात?"

तिनं नाद सोडला. लॅपटॉप बॅटरीवर चार तास आरामात चालायचा. वाद घालण्यापेक्षा जाता-येता बटण पुन्हा चालू करणं सोपं होतं.

मग कंपनीनं तिला नवा लॅपटॉप पाठवला, आणि घरातलं नेट जायला लागलं.

म्हणजे असं व्हायचं. प्रतीक्षा मीटिंगमध्ये रंगात येऊन बोलतेय, आणि अचानक पडद्यावरची माणसं थिजायची. कुणाचं तोंड अर्धवट उघडं, कुणाचा हात नाकाशी. "हॅलो? हॅलो?" करत ती बाहेरच्या खोलीत धावायची. तिथं भिंतीवर नेटचा राउटर होता, घरात त्याला सगळे डबा म्हणायचे. डब्याखाली खाट, आणि खाटेवर पेपर वाचत गुंडप्पा. ती डब्याचं बटण बंद करून पुन्हा चालू करायची, जाताना चार्जरचंही बटण चालू करायची, आणि नेट परत यायचं. असं रोज. कधी दिवसातून दोनदा.

आता तुम्हीच सांगा, नेट जातं, डब्याखाली बटणं बंद करण्यात हयात घालवलेला माणूस बसलेला, आणि डब्याचं बटण खालीवर केलं की नेट येतं. कुठल्याही कोर्टात निकाल काय लागला असता?

एका संध्याकाळी प्रतीक्षा ओट्यावर आली. गुंडप्पा बसले होते. पलीकडच्या ओट्यावर द्वारकाबाई सुपात हरभरे निवडत होत्या.

"मामा, एकदाचं खरं सांगा. डब्याचं बटण तुम्ही बंद करता ना?"

"न्हाय."

"डब्याखाली दिवसभर तुम्हीच असता."

"पालपण असती. तिला विचार."

"मामा, चेष्टा नको. माझी नोकरी जाईल."

"म्या केलं असतं तर सांगितलं असतं."

"खोटं बोलताय तुम्ही. खोटारडेपणा आहे हा सगळा."

द्वारकाबाईंचं सूप थांबलं. पलीकडच्या घरातला टीव्हीसुद्धा कुणीतरी बारीक केला. गुंडप्पांनी तोंड उघडलं, आणि मुरुमच्या इतिहासात पहिल्यांदा त्यातून आवाज आला नाही. उठून ते आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडले.

त्या दिवसापासून सासरा-सुनेचं बोलणं बंद. म्हणजे बोलणं दुप्पट वाढलं, पण ते अयोध्याबाईंमधून.

"तिला म्हणावं, भाकरी वाढ."

"प्रतीक्षा, भाकरी वाढ म्हणत्यात."

"त्यांना म्हणावं, खोटं बोलून भाकरी पचते का?"

"अवं, पचंल का म्हणतीय."

"तिला म्हणावं, म्या खोटं बोललो असंल तर ह्या भाकरीचा दगड व्हवा!"

भाकरी कडक होती, आपल्या भागात असते तशी. त्यामुळं पुरावा कुठल्याच बाजूनं धरता आला नाही.

अशात पुण्याहून प्रतीक्षाच्या वरिष्ठ वृषाली मॅडमचा निर्वाणीचा फोन आला. गुरुवारी मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग आहे. मध्येच गायब झालीस तर घरून काम बंद, पुण्याला येऊन बसायचं. प्रतीक्षानं जेवताना हे सगळ्यांना ऐकवलं आणि पुढं म्हणाली, "आत्या, त्यांना सांगून ठेवा. मला जावं लागलं तर मी जाईन. पण कुणामुळं गेले ते बसस्टँडपर्यंत सगळ्यांना सांगत जाईन."

गुंडप्पांचा घास तोंडातच राहिला. सुनेला घराबाहेर घालवली असं गावानं म्हटलं असतं तर त्यांना फारसं काही वाटलं नसतं, आजवर गावानं याहून वाईट म्हटलं होतं. पण 'चोरून बटण बंद करून घालवली' असं म्हटलं असतं तर त्यांना मुरुममध्ये तोंड दाखवायला जागा उरली नसती. ज्यांच्या ज्यांच्या फांद्या त्यांनी तोडल्या ते सगळे म्हणाले असते, बघा, हा इसम चोरूनही करतो.

"तिला म्हणावं," गुंडप्पा घास गिळून म्हणाले, "बेस्तरवारी म्या डब्याखाली बसतो. दोन्ही हात मांडीवर. द्वारकाबाईला पंच म्हणून बशीव. बघू दे गावाला, बटण कोण बंद करतंय."

"अवं, ती मीटिंग हाय का पंचायत?" अयोध्याबाई कळवळल्या.

"माझ्यापुरती पंचायतच."

गुरुवार उजाडला. गुंडप्पांनी आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, धुतलेला सदरा घातला. डब्याखाली बसायला जायच्या आधी घरातली रोजची फेरी मारली. न्हाणीघरातला दिवा बंद. स्वयंपाकघरातला पंखा बंद. प्रतीक्षाच्या खोलीत डोकावले. ती कानाला हेडफोन लावून, छान साडी नेसून, पडद्याकडं बघून इंग्रजीत गोड गोड बोलत होती. गुंडप्पांनी चष्मा खाली ओढला, आकडा बघितला, "भरलं!" म्हणून आरोळी ठोकली, चार्जरचं बटण बंद केलं आणि बाहेर येऊन मांडी घालून बसले. दोन्ही पंजे उताणे, मांडीवर. समोर पाटावर द्वारकाबाई. त्यांनी शेंगा फोडायला आणल्या होत्या, कारण पंच झालं म्हणून रिकामं बसायचं हे त्यांना पटत नव्हतं. दारात अयोध्याबाई.

आतून प्रतीक्षाचा आवाज येत होता. द्वारकाबाई शेंग फोडायच्या, डब्याकडं बघायच्या, गुंडप्पांच्या हातांकडं बघायच्या, पुढची शेंग उचलायच्या. गुंडप्पांच्या नाकावर माशी बसली. त्यांनी हात हलवला नाही. नाकच कसंबसं हलवलं.

"हाकलू का, आप्पा?"

"तू हाकल. माझा हात उठता कामा न्हाय."

द्वारकाबाईंनी सुपानं वारा घातला. माशी उडाली, थोडी टरफलंही उडाली. आणि तेवढ्यात आतून ती आरोळी आली. "हॅलो? हॅलो? कॅन यू हिअर मी?" बाहेर बसलेल्या कुणालाच इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण या वाक्याचा अर्थ आता सगळ्यांना पाठ झाला होता.

दार धाडकन उघडून प्रतीक्षा बाहेर आली. गुंडप्पा उताण्या पंजांनिशी बसलेले. डोक्यावर डबा. डब्यावरचे हिरवे दिवे एकूण एक लखलखत होते.

"बघ!" गुंडप्पांनी दोन्ही हात वर उचलले. "बघ की! दिवं बघ! हात बघ! द्वारकाबाई, सांग तिला."

"आप्पांनी खाजवलंसुदिक न्हाय गं," द्वारकाबाई म्हणाल्या. "माशी बसली हुती, ती म्या हाकलली."

गुंडप्पा हसायला लागले. त्यांचं हसणं हा काही रोज बघायला मिळणारा प्रकार नव्हता. "आता म्हण! म्हण, मामा खोटं बोलत न्हाईत!"

प्रतीक्षा उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "नोकरी गेली माझी," ती म्हणाली, अयोध्याबाईंना मध्ये न घेता, थेट. "ती गेली, आणि तुम्ही हसताय."

"ते नंतर. आधी म्हण."

"तुम्हाला माझ्या नोकरीचं काही नाही ना? फक्त तुमचा शब्द महत्त्वाचा."

"तुला माझ्या शब्दाचं काय हुतं का? चार घरं ऐकत हुती तवा!"

"मारामारी करा की आता, तेवढीच राहिलीय!" अयोध्याबाई ओरडल्या. त्यांचा हा आवाज दोघांनाही नवा होता.

फोन वाजला. वृषाली मॅडम. प्रतीक्षानं स्पीकर लावला आणि फोन खाटेवर आपटला. "ऐका. तुम्हीपण ऐका निकाल."

"प्रतीक्षा, पुन्हा तेच झालं," फोनमधून आवाज आला. "गिऱ्हाइकाला मी थोपवून धरलंय, दुपारी पुन्हा वेळ देतायत. पण शेवटची. आणि ते विचारत होते, तुझ्याकडं काय भरतं?"

"काय?"

"अगं, कुणीतरी ओरडतं ना, 'भरलं' म्हणून. आमच्याकडं तर आता ठरूनच गेलंय. 'भरलं' ऐकू आलं की समजायचं, थोड्या वेळात प्रतीक्षा जाणार. रोज बरोबर येतं. आम्हाला आधी वाटलं, घरात कुणाच्या अंगात येतं की काय."

बाहेरच्या खोलीत सगळे गुंडप्पांकडं बघायला लागले.

"मग?" गुंडप्पा म्हणाले. "भरल्यावर सांगाय नको?"

प्रतीक्षाच्या कपाळावर आठी पडली, मग ती हळूहळू निवळत गेली. "मॅडम, दहा मिनिटांत फोन करते," म्हणून ती आत गेली. मागून गुंडप्पा, त्यांच्यामागं अयोध्याबाई आणि सगळ्यांत शेवटी शेंगांचं सूप घेऊन द्वारकाबाई.

प्रतीक्षानं लॅपटॉपच्या आत आत जाऊन विजेच्या सेटिंगची लांबलचक यादी उघडली. "वायरलेस अडॅप्टर," ती पुटपुटली. "पॉवर सेव्हिंग मोड." त्याखाली दोन ओळी होत्या. प्लग्ड इन, म्हणजे चार्जर चालू असताना, मॅक्सिमम परफॉर्मन्स. ऑन बॅटरी, म्हणजे चार्जर बंद असताना, मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग.

ती खुर्चीत मागं टेकली. "नव्या लॅपटॉपला हे असं लावून आलंय. चार्जर चालू असला की वाय-फाय पूर्ण ताकदीनं चालतं. चार्जर बंद झाला की लॅपटॉप बॅटरी वाचवायला वाय-फायला मधूनमधून डुलकी घ्यायला लावतो. आणि आपल्या डब्याशी तो डुलकीतून उठून पुन्हा नीट जुळत नाही. म्हणून तुटतं." ती गुंडप्पांकडं वळली. "डब्याला काहीच झालं नव्हतं. मी बाहेर येऊन डबा बंद-चालू करायची, आणि परत जाताना चार्जर लावायची. नेट यायचं ते चार्जरमुळं."

गुंडप्पा पडद्यावर वाकले होते. इंग्रजी अक्षरं त्यांना मीटरवरची, खांबावरची, खात्यातल्या पाट्यांवरची वाचता यायची. "पॉवर," ते वाचत होते. "सेव्हिंग. म्हंजे करंटाची बचत?"

"हो."

"आन् मॅक्सिमम म्हंजे जास्तीत जास्त."

"हो, मामा."

गुंडप्पा सरळ उभे राहिले. चेहऱ्यावर कधी नव्हे तो भक्तिभाव. "अय्य शिवा! म्या ह्या घरात गळा फोडफोडून सांगतोय, वापर नसंल तर बंद करा. एकानं कधी ऐकलं न्हाय. आन् हे मशीन बघा, न सांगता करतंय!"

"न सांगता करतंय म्हणूनच तर घोटाळा झाला!" प्रतीक्षा उसळली. "आणि चार्जर कोण बंद करत होतं?"

"म्या. सांगून!"

"कुणाला सांगून?"

"तुला! तुझ्या त्या पुण्याच्या बाईला! तुझ्या गिऱ्हाइकाला! साऱ्यांनी ऐकलं, मॅडमनं कबूल केलं, एक तूच बहिरी!"

ते खरंच होतं. अयोध्याबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. फ्रिजसारखंच झालं होतं, गुंडप्पांनी सांगितलं होतं आणि घरातल्या कुणी ऐकलं नव्हतं.

"हे बघा," प्रतीक्षा म्हणाली. "दोन रस्ते आहेत. एक तर माझ्या चार्जरला तुम्ही हात लावायचा नाही. नाहीतर मी ही बचत काढून टाकते. बॅटरीवरही पूर्ण ताकद. बॅटरी जरा लवकर उतरेल, पण नेट तुटणार नाही."

गुंडप्पांसमोर मोठंच संकट उभं राहिलं. एका बाजूला बचत, जिच्यासाठी त्यांनी घरादाराशी वैर घेतलं. दुसऱ्या बाजूला बटण, ज्याच्यावरचा हात सोडणं म्हणजे सुनेपुढं शरण जाणं. घरातली सगळी बटणं आपल्या हाताखाली असावीत हेच तर त्यांचं राज्य होतं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, बटणाकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"काढ बचत," ते म्हणाले. "हात म्या लावणार."

"तरी म्हटलं," अयोध्याबाई म्हणाल्या.

प्रतीक्षानं ओळीवर टिचकी मारली, 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' निवडलं आणि बदल पक्का केला. मग वृषाली मॅडमना फोन लावला, पडद्यावर बोलावलं आणि त्यांच्या देखतच सांगितलं, "मामा, करा बंद."

"भरलं!" गुंडप्पांनी आरोळी ठोकली आणि बटण दाबलं. पडद्यावर वृषाली मॅडम खुर्चीतून दचकल्या. पण दचकलेल्या दिसल्या, थिजल्या नाहीत. बराच वेळ त्या आणि प्रतीक्षा गिऱ्हाइकाबद्दल बोलत राहिल्या, द्वारकाबाईंच्या निम्म्या शेंगा फोडून झाल्या, तरी नेट तुटलं नाही.

दुपारची मीटिंग सुरू झाली. "आरोळी मारायची नाही" एवढी अट प्रतीक्षानं अयोध्याबाईंमार्फत पाठवली. गुंडप्पांनी ती मान्य केली, पण निषेध म्हणून दोन्ही ओठ आत दुमडून बसले. मध्येच जाऊन त्यांनी चार्जरचं बटण बंद केलं, आणि आरोळीऐवजी प्रतीक्षासमोर हात हलवून, बोटानं बटण दाखवून, तोंड मोठ्ठं उघडून न बोलता 'भरलं' असं म्हटलं. गिऱ्हाईक पडद्यावर हसलं. प्रतीक्षानं रागानं हसल्यासारखं केलं. मीटिंग शेवटपर्यंत चालली. पुण्याला जाणं टळलं.

दिवेलागणीला प्रतीक्षा ओट्यावर आली. गुंडप्पा तिथं आधीपासून येऊन बसले होते, अगदी त्याच जागी. पलीकडं द्वारकाबाई.

"तिला म्हणावं, हितंच म्हणाली हुती. हितंच म्हणायचं," गुंडप्पा आत बघून म्हणाले.

"ऐकलं मी," प्रतीक्षा म्हणाली. "द्वारकाकाकू, मामांनी डब्याचं बटण कधीच बंद केलं नाही. मी त्यांना खोटारडं म्हणाले ते माझं चुकलं."

नेमकी त्याच वेळी द्वारकाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली.

"पुन्यांदा म्हण. शिट्टीत गेलं."

"काकूंनी ऐकलंय, मामा."

"तिनं ऐकलं. पलीकडच्यांनी न्हाय. तवा चार घरं ऐकत हुती."

प्रतीक्षा ओट्याच्या कडेला गेली, पदर खोचला आणि ओरडली. गल्लीतली चार नव्हे, आठ दारं उघडली. "मामांनी डब्याचं बटण कधीच बंद केलं नाहीऽऽ! ते खोटं बोलत नाहीतऽऽ! रोज चार्जर काढून माझी नोकरी घालवायला निघाले होते, तेपण सांगूनच!"

गुंडप्पांनी पहिल्या वाक्याला मान डोलावली. दुसऱ्याला डोलावली. तिसऱ्यालाही डोलावली.

"हां," ते म्हणाले. "आता समदं आलं."

प्रतीक्षा त्यांच्याकडं न बघता, पाय आपटत आत गेली. द्वारकाबाईंनी कुकर उतरवला, पुन्हा ओट्यावर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग आप्पा, मिटलं की तुमचं. आता सुनेशी बोलणार न्हवं?"

"कशापायी?" गुंडप्पा म्हणाले. "रेडिओ नळानं येतो का म्हणाली हुती मला. ते भांडण येगळं हाय. ते अजून चालू हाय."